टिनाच्या छपराचं आमचं चर्च

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. घरात रिकाम्या बरण्या जमतात ना, तसे ते जमत जातात. फेकवत नाहीत, ठेवायला जागा नसते आणि एक दिवस कोणीतरी फळीकडे बघून विचारतं, "एवढ्या कशाला ठेवल्या?" तेव्हा आपल्यालाच कळतं की बापरे, किती झाल्या!

माझ्यावर ती वेळ मागच्या वर्षी आली. नागपूरचं हुडकेश्वर मागे पडलं, नव्या फ्लॅट स्कीमचे बोर्ड संपले आणि संत्र्याचे बगीचे सुरू झाले की डाव्या हाताला आमचं गाव लागतं. लग्न होऊन मी इथे आले त्याला जमाना झाला. गावात आमचं मेथडिस्ट चर्च आहे. उंच मनोरा, रंगीत काचा असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. विटांच्या भिंती, वर टिनाचं छप्पर, समोर एक कडुलिंब आणि त्याच्या बाजूला लोखंडी खांबाला टांगलेली घंटा. मंडळी म्हणाल तर थोडकी घरं. सगळे एकमेकांचे काका, मावश्या नाहीतर व्याही!

वर्धापनदिन जवळ आला तसे आमचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत मराठी शिकवलंत. आपल्या चर्चचा इतिहास दोन पानांत लिहून द्या ना."

मी म्हटलं, त्यात काय! जुने कागद मागितले, तर ते केव्हाच वाळवीच्या पोटात गेलेले. मग म्हाताऱ्या मंडळींना कडुलिंबाखाली बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "चर्च कधी बांधलं?"

एक म्हणे, "माह्या बापाच्या लग्नाच्या आधी." दुसरा म्हणे, "मोठा पूर आला त्याच्या मागून." तारीख एकालाही सांगता येईना. पण किस्से! एकाचा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू. मंडळीतल्या सगळ्यांत वडील मनोरमाबाई. त्यांनी कप खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "तू हेच लिही वं बाई. तारखा पाळकसाहेब टाकतीन आपल्या मनानं!"

* * *

तर आधी चर्च इथे आलं कसं, ते.

पाळकसाहेब प्रवचनात सांगतात की जुन्या काळी एका मिशनरी साहेबाला प्रभूने या गावात यायची प्रेरणा दिली. मनोरमाबाईंनी आपल्या आजोबांकडून ऐकलेलं जरा वेगळं आहे.

साहेब निघाला होता पुढच्या मोठ्या गावाला. तिथल्या पाटलाने त्याला जागा द्यायचं कबूल केलं होतं. आमच्या गावाजवळच्या नाल्यात त्याच्या बैलगाडीचं चाक मोडलं. काळी माती, वरून झड लागलेली. गाव धावलं, गाडी बाहेर काढली, पण चाक दुरुस्त करणार कोण? गावातला एकुलता एक सुतार साळ्याच्या लग्नाला गेलेला!

साहेब मनोरमाबाईंच्या आजोबांच्या ओसरीत उतरला. उद्या येईल, परवा येईल म्हणत सुताराची वाट बघत बसला. रिकामं बसून करतो काय, तर पोरांना गाणी शिकवायला लागला. तापाने फणफणलेल्यांना औषध द्यायला लागला. झुणका-भाकर खायला शिकला आणि आपल्या तोडक्या मराठीत बायकांना "अजून तिखट द्या" म्हणायलाही शिकला. सुतार परतला, चाक बसलं, बैल जुंपले. आणि गावातली सगळी पोरं गाडीत चढून बसली. उतरेचनात! साहेबाने त्यांच्याकडे बघितलं, गाडीवानाकडे बघितलं आणि म्हणाला, "बैल सोड."

त्या दिवशी कडुलिंबाखाली पाळकसाहेब हा किस्सा ऐकून भारावले. म्हणाले, "पाहिलंत? ही देवाची योजना!"

मनोरमाबाई म्हणाल्या, "देवाची तर होतीच साहेब. पण सुताराच्या साळ्यानं लग्नाले नाही म्हटलं असतं, तर देवानं काय केलं असतं?"

* * *

मनोरमाबाईंचा विषय निघालाच आहे तर घंटेचा किस्सा ऐका.

आमची घंटा रविवारी सकाळी वाजते. आडवारी वाजली तर एकच अर्थ, मंडळीतलं कोणीतरी गेलं. एकदा उन्हाळ्यात, बुधवारी, भर दुपारी घंटा वाजायला लागली. वाजते आहे, वाजते आहे, थांबतच नाही! जो तो हातातलं काम टाकून चर्चकडे पळाला. बायकांनी घाईघाईने पांढरी लुगडी नेसली. मी चुलीवरचं वरण तसंच ठेवून धावले.

चर्चसमोर सगळे जमले तोवर घंटा थांबली होती आणि तिच्याजवळ कोणी नव्हतं. कोण गेलं? कोणालाच माहीत नाही. प्रत्येक जण बाकीच्यांची तोंडं बघायला लागला. हा आहे, ती आहे, ते पण आहेत... आणि कोणीतरी एकदम म्हणालं, "मनोरमाबाई कुठी आहे?"

झालं! बायकांनी तिथेच हंबरडा फोडला. सगळी मंडळी रडत-ओरडत मनोरमाबाईंच्या घराकडे निघाली. पुढे पाळकसाहेब बायबल घेऊन, मागे आम्ही पदर तोंडाला लावून. वाटेत हिंदू शेजारी, बौद्ध वस्तीतली माणसं, शाळेचे मास्तर, सगळे सामील. "लय चांगली होती," "कोणाच्या वाईटावर नव्हती," असं चाललेलं.

मनोरमाबाई अंगणात सावलीत बसून चिंचा फोडत होत्या! त्यांना कमी ऐकू येतं. घंटा त्यांच्या कानावर गेलीच नव्हती. एवढा रडता जमाव बघून त्या घाबरून उठल्या आणि त्यांनी विचारलं, "कोण गेलं वं?"

पाळकसाहेबांनी बायबल पाठीमागे लपवलं!

तेवढ्यात मागून एकजण पळत आला. रामाजीच्या म्हशीची पाठ खाजत होती म्हणे. ती घंटेच्या खांबाला अंग घासून गेली होती.

सगळा प्रकार मनोरमाबाईंच्या ध्यानात आला. त्यांनी परत चिंचा हातात घेतल्या आणि म्हणाल्या, "आलेच आहा तर आता पुरतं रडून घ्या. मी खरोखर मरीन तेव्हा इतके लोक येतीन का नाही, काय भरवसा!"

* * *

मेथडिस्ट लोकांत पाळकांची बदली होते, हे तुम्हाला माहीत असेल. आमच्याकडे तऱ्हेतऱ्हेचे पाळक येऊन गेले. एक साहेब पुण्याकडचे होते. एकदम शुद्ध बोलणारे. "आपण सर्वांनी आत्मपरीक्षण करावयास हवे," अशी सुरुवात झाली की मागच्या बाकावर डुलक्या सुरू!

त्यांना वाटलं, लोकांना बोलतं करावं. एका रविवारी त्यांनी उधळ्या पुत्राची गोष्ट घेतली. धाकट्या मुलाने बापाकडून आपला वाटा घेतला, परदेशात उडवला, डुकरं राखायची पाळी आली आणि शेवटी तो घरी परत आला. बाप धावत गेला, त्याने मुलाला मिठी मारली. गोष्ट त्यांनी इतकी सुंदर सांगितली की डुलक्या घेणारेही जागे झाले. मग साहेब खाली उतरले, मधल्या वाटेत येऊन उभे राहिले आणि त्यांनी हळूच विचारलं, "सांगा बरं. एवढं सगळं होऊनही बापाने त्याला का मिठी मारली?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. साहेबांना वाटलं, मंडळी भारावली. मागच्या बाकावर सुखदेवकाका बसले होते. त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे. दोन्ही मुलं पुण्याला नोकरीला आणि संत्रा तोडायला आलेला. त्यांनी मोठा सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "काहून म्हणजे? बगीच्यात काम कराले माणूसच भेटत नसन ना साहेब!"

* * *

नाताळच्या संध्याकाळी आम्ही नाटक करतो. बघायला सगळं गाव येतं आणि पात्रंही सगळ्या गावातून गोळा होतात. कारण आमच्या मंडळीत जेवढी माणसं आहेत त्यापेक्षा नाटकात पात्रं जास्त! योसेफ बौद्ध वस्तीतला, मेंढपाळ भजनी मंडळातले, आणि हेरोद राजा म्हणजे वासुदेवराव. बाळ येशूला मारण्यासाठी बेथलेहेमातल्या सगळ्या बाळांवर तलवार चालवायला सांगणारा हा दुष्ट राजा. वासुदेवरावांच्या मिशाच तशा होत्या. गावात दुसऱ्या कोणाला ती भूमिका मागायची हिंमत नव्हती.

मग वासुदेवराव गावचे पोलीस पाटील झाले. त्या वर्षी तालमीलाच कुरकुर सुरू. "आता मले असं बोलणं शोभते का? उद्या काही झालं तं लोक म्हणतीन, पाटलानंच हुकूम देल्ला!" आम्ही समजूत काढली. नाटकाच्या दिवशी ते मुकुट घालून, मिशीला पीळ देऊन स्टेजवर आले. काय रुबाब! बाळाला शोधत आलेल्या ज्ञानी लोकांवर ओरडले, सिंहासनावर मूठ आपटली. पोरं घाबरून आयांना बिलगली.

आता तो हुकूम. वासुदेवराव उठले, तलवार उपसली, पुढे आले आणि त्यांची नजर पहिल्या रांगेत गेली. त्यांची तान्ही नात आजीच्या मांडीवर बसून त्यांच्याकडे बघून हसत होती.

तलवार वरच राहिली. आतून आम्ही सांगतो आहोत, "मारून टाका... मारून टाका..." वासुदेवराव खणखणीत आवाजात ओरडले, "शिपायांनो! बेथलेहेमात जा! आणि तिथल्या समद्या लेकरांले पोलिओचा डोस पाजून या!"

टाळ्या थांबता थांबेनात! आणि त्या टाळ्यांत, हुकूम झाला की बाळाला घेऊन देश सोडायचा म्हणून आतल्या बाजूला गाठोडं घेऊन तयार बसलेला योसेफ मला विचारतो आहे, "बाई, मंग आता आमी इजिप्तले पळाचं का घरीच राहाचं?"

* * *

एकदा बिशपसाहेब यायचे ठरले. एवढ्या लहान मंडळीला बिशप भेट देणार म्हणजे केवढी गोष्ट! भिंतींना चुना लागला, छपराला रंग लागला. बायकांच्या सभेत एकच चर्चा, जेवायला काय? बिशप लांबच्या प्रांतातले, भात आणि दह्यावर वाढलेले, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. एकमताने ठरलं, मटणाचा झणझणीत सावजी रस्सा!

साहेब आले. माणूस फार सज्जन. ताटात जे पडलं ते त्यांनी प्रार्थना करून खाल्लं. एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे त्यांना बोलता येत नव्हतं, हे मागून कळलं. जेवण झाल्या झाल्या उपासना होती. साहेब उभे राहिले.

"प्यारे भाइयो और बहनो..." एवढंच म्हणाले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! रुमाल काढला, डोळे पुसले, नाक पुसलं. "प्रभु का प्रेम..." पुन्हा पाणी! चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, ओठ थरथरताहेत. ते बघून पहिल्या बाकावरच्या बायका रडायला लागल्या. मग मागच्या. मग पुरुषही. प्रवचन दहा वाक्यांचंही झालं नसेल, पण चर्चमध्ये कोरडा डोळा नव्हता.

जाताना साहेबांनी रस्सा करणाऱ्या शेवंतामावशीला बोलावलं. हात जोडून विचारलं, "बहनजी, आप लोग ऐसा खाना रोज़ खाते हैं?"

शेवंतामावशी ओशाळली. म्हणाली, "नहीं साहब. आज तो आपके लिए फीका बनाया था!"

त्या उपासनेची आठवण अजून निघते. मनोरमाबाई म्हणतात, "असा हळवा बिशप पुन्हा झाला नाही."

* * *

छप्पर टिनाचं असल्याचे काही फायदे आहेत. एक तर पाऊस आला की प्रवचन आपोआप थांबतं. दुसरा फायदा ज्यांना झाला ते बाबुराव.

बाबुरावांचं आणि पीटरभाऊंचं शेत लागून आहे. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांचा वर्षानुवर्षांचा वाद. पीटरभाऊ म्हणायचे, धुरा सरकवला. बाबुराव म्हणायचे, शपथ घेतो. चर्चमध्ये दोघे पुढेमागे बसायचे आणि एकमेकांना शांतीचा सलाम द्यायची वेळ आली की एक जण बरोब्बर वहाणा शोधायला बाहेर जायचा.

त्या रविवारी न्यायाच्या दिवसावर प्रवचन होतं. पाळकसाहेब रंगात आले होते. "तो दिवस कोणाला सांगून येणार नाही! आज येईल! आता येईल! आकाशातून एकाएकी..."

धडाम!

डोक्यावर असा आवाज झाला की अख्खं चर्च हादरलं. धूळ पडली, बायका किंचाळल्या, पाळकसाहेब स्वतः प्रवचनाच्या पुलपिटाखाली वाकले. आणि त्या गोंधळात बाबुराव गुडघ्यांवर पडून, दोन्ही हात वर करून ओरडले, "प्रभो, माफ कर! धुरा मीच सरकवला!"

पीटरभाऊ बाकावरून ताडकन उठले.

मग छपरावरून खरबडत कोणीतरी चाललं आणि खिडकीतून एक लांब शेपटी लोंबली. वानर! कडुलिंबावरून भलामोठा हुप्प्या टिनावर उडी मारून आला होता. बाबुरावांनी शेपटीकडे बघितलं, मागे पीटरभाऊंकडे बघितलं, हळूच उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "मी तं मजाक करून राहिलो होतो."

पण आता काय उपयोग! दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून धुरा जागेवर नेला. बाबुरावांच्या घरून डबा आला, तो पीटरभाऊंनी खाल्ला. आणि आम्ही विचारलं तर पीटरभाऊ म्हणतात, "इतके पाळक येऊन गेले. पण काम केलं ते वानरानं!"

* * *

आता शेवटचा. हा सांगताना मी नेहमी थोडी थांबते.

आमच्या मंडळीत दानियलकाका आणि मार्थाकाकू आहेत. त्यांची एकुलती एक मुलगी रूथ नागपूरला नर्स झाली आणि तिने तिथेच एका बौद्ध मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा चांगला, घर चांगलं. पण काका अडून बसले. "पोट्टीनं मले आधी काहून नाही विचारलं?" ते लग्नाला गेले नाहीत. काकू एकट्या गेल्या. परत आल्या त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एका छपराखाली राहायचं, एका चुलीवरचं खायचं, पण शब्द नाही.

अडचण अशी की संसारात बोलल्याशिवाय भागत नाही. मग त्यांनी मार्ग काढला. आमच्या उपासनेत कोणीही उभं राहून मोठ्याने प्रार्थना करू शकतं. एका रविवारी काका पुरुषांच्या बाजूने उठले. "हे प्रभो, काही लोकांले सांग का बैलाचं औषध कुठी ठेवलं, ते भेटून नाही राहिलं."

लगेच बायकांच्या बाजूने काकू उठल्या. "हे प्रभो, काही लोकांनी डोळे उघडून पाहिलं तं ते खिडकीतच आहे!"

तेव्हापासून दर रविवारी हेच. गहू दळायला द्यायचे, गॅस संपला, मामाकडे बारसं आहे, सगळं प्रभूमार्फत! पाळकसाहेबांनी एकदा काकांना बाजूला घेतलं. "काका, प्रार्थना देवाशी करायची असते."

काका म्हणाले, "देवाशीच बोलून राहिलो साहेब. मधात कोणी ऐकत असन, तं त्याले मी काय करू?"

मग एका रविवारी काकू उठल्या आणि त्यांचा आवाज वेगळाच लागला. "हे प्रभो, तुझे उपकार. रूथले मुलगी झाली. नाक अगदी काही लोकांसारखं आहे."

सगळ्यांनी डोळे किलकिले करून काकांकडे बघितलं. काका उठले नाहीत. पुढच्या रविवारी मात्र उठले आणि फक्त एवढंच म्हणाले, "प्रभो, लेकराचं नाव काय ठेवलं, ते कोणी सांगितलं नाही."

बायकांच्या बाजूला काकूंची जागा रिकामी होती. त्या बाळंतपणाला लेकीकडे नागपुरात जरीपटक्याला गेल्या होत्या.

त्यानंतरचे काही रविवार काका येत राहिले आणि उठत राहिले. "प्रभो, लोणच्याची बरणी कुठी आहे?" पुढच्या रविवारी, "प्रभो, भाकर करपून राहिली, जाळ किती ठेवाचा?" एकदा शेवंतामावशीला राहवलं नाही, तिने खालच्या आवाजात सांगितलं, "कमी ठेवा." काकांनी तिच्याकडे असं बघितलं की ती पुन्हा बोलली नाही.

आणि मग तो रविवार. पाळकसाहेबांनी विचारलं, "आणखी कोणी प्रार्थना करणार?" काका उठले. अंगात इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. दोन्ही हातांनी समोरचं बाक धरलं.

"हे प्रभो," ते म्हणाले, "काही लोकांले सांग का..."

आणि थांबले. आम्ही सगळे डोळे मिटून वाट बघतो आहोत. बाहेर कडुलिंबावर पाखरं ओरडताहेत. मी हळूच डोळे उघडले. काका बायकांच्या बाजूच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

"जाऊ दे प्रभो," ते म्हणाले. "तुले तरी किती तकलीफ देऊ! मीच जाऊन सांगतो."

आणि भर प्रार्थनेत, डोळे मिटून बसलेल्या मंडळीच्या मधल्या वाटेने काका दारापर्यंत गेले, पायांत वहाणा सरकवल्या आणि जरीपटक्याच्या रस्त्याला लागले.